खिडकीकडे सोडियम, दाराकडे क्लोरीन

“समजलं ना सगळ्यांना?”

लहानपणच्या विज्ञानाच्या मास्तरांचा तो आवाज बाईंच्या कानात अजून होता. मायाळू आवाज. तो आला की अख्खा वर्ग एका सुरात ओढायचा, “होऽऽ सर!” दोन वेण्यांतली ती लहानगीही त्यात आपला सूर मिसळायची. समजलेलं असो वा नसो, सूर तर जुळायचा! पुढे तीच मुलगी रसायनशास्त्राची बाई झाली. फळा बदलला, खडू बदलला. प्रश्न तोच राहिला, आणि उत्तरही तेच.

आणि आज शिक्षकांच्या खोलीत चाचणीचे पेपर तपासता तपासता बाईंचा लाल पेन एकाच उत्तरावर पुन्हा पुन्हा अडत होता.

धडा आवर्तसारणीचा. सारणीत वरून खाली जावं तसा अणू मोठा होत जातो, हे बहुतेकांनी बरोबर लिहिलं होतं. पण डावीकडून उजवीकडे जाताना अणू लहान होत जातो, हे मात्र जवळजवळ सगळ्या वर्गाने उलटं लिहिलं होतं. सोडियम लहान म्हणे, आणि क्लोरीन मोठा! हुशारांचंही तेच, कच्च्यांचंही तेच. एखाद्या साथीने गाव धरावं तशी ती चूक बाकाबाकावर पसरली होती.

बाईंची नोकरी अजून कायम झालेली नव्हती. उद्या मुख्याध्यापिका, म्हणजे शाळेच्या मोठ्या बाई, वर्गात मागे येऊन बसणार, हाच धडा ऐकणार, आणि बाईंना ठेवायचं की निरोप द्यायचा ते ठरवणार होत्या.

भूगोलाचे सर म्हणाले, त्यात एवढं काळजी करण्यासारखं काय आहे? तीन ओळी फळ्यावर लिहा, पोरांकडून घोकून घ्या, पोपटासारखी म्हणतील. “मोठ्या बाई इतिहासाच्या. सोडियम खातात की अंगाला लावतात, हे तरी त्यांना कुठं ठाऊक?” बाई हसल्या, पण हसू ओठांच्या आत काही उतरलं नाही. तीन ओळी त्यांनी मनात जुळवून ठेवल्या.

संध्याकाळी घरी वाळलेल्या कपड्यांच्या ढिगाशी बाई बसल्या होत्या. नणंद नुकतीच कामावरून आली होती. ती एका मोठ्या इस्पितळात नर्स होती. पायाने थकलेली, जिभेने ताजी.

“वहिनी, तो उशीचा अभ्रा आहे. त्याला बाही कुठनं सापडणार?”

बाईंनी अभ्रा खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. नणंदेने ऐकून घेतलं, मग विचारलं की शिकवून झाल्यावर मुलांना तुम्ही काय विचारता.

“विचारते ना, वन्सं. समजलं ना, म्हणून विचारते. सगळे हो म्हणतात.”

“म्हणणारच. आमचे पेशंटही म्हणतात,” नणंद म्हणाली. “समजलं का विचारलं की माणूस हो म्हणतो. लाजतो बिचारा. मग घरी जाऊन जेवणानंतरची गोळी उपाशीपोटी घेतो. म्हणून आम्ही तसं विचारतच नाही. आम्ही म्हणतो, आजोबा, घरी गेल्यावर गोळी कशी घेणार, ते मला सांगा बरं. आजोबांनी चुकीचं सांगितलं तर आधी माझं सांगणं तपासायचं, आजोबांचं डोकं नंतर.”

बाई म्हणाल्या की इस्पितळाचं ठीक आहे. पण उद्या मोठ्या बाईंच्या समोर मुलांना बोलतं केलं आणि सगळं चुकीचंच बाहेर आलं, तर नोकरी गेलीच म्हणायची.

नणंद टॉवेलची घडी घालत राहिली. “मग घोकून घ्या. नोकरी राहील. फक्त शिकवलं असं म्हणू नका.”

ते बोल बाईंना झोंबले. अंथरुणाला पाठ टेकली तरी ते कुसळासारखे टोचत राहिले.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई मागच्या बाकावर येऊन बसल्या, पेन उघडलं. बाईंनी तीन ओळींसाठी खडू उचलला. फळ्याकडे पाहताना नणंदेचे बोल पुन्हा टोचले आणि त्यांनी खडू परत ठेवला.

पहिल्या बाकावर एक मुलगी बसायची. वर्षाच्या सुरुवातीला तिने एकदा उभं राहून काही विचारलं होतं, तेव्हापासून वर्ग तिला शंकासूर म्हणायचा आणि तेव्हापासून ती गप्प होती. बाईंनी तिलाच पुढे बोलावलं. “आज तू बाई हो. मी तुझ्या जागेवर बसते. सोडियमपासून क्लोरीनपर्यंत जाताना अणूचं काय होतं, ते मला शिकव.”

मुलगी वर्गाकडे तोंड करून उभी राहिली. मागे भिंतीवर आवर्तसारणीचा तक्ता होता. वर्गातून पाहिलं तर सोडियम खिडकीच्या बाजूला, क्लोरीन दाराच्या बाजूला. मुलीने दोन्ही हात फैलावले, बाई फैलावायच्या तसेच, आणि पावलं टाकत, हात जवळ जवळ आणत निघाली. “असं जाताना अणू लहान होतो.”

ती खिडकीकडे चालली होती. सोडियमकडे!

बाकावर बसलेल्या बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वर्गाकडे तोंड करून त्या आपल्या उजवीकडे चालायच्या. त्यांची उजवी ती मुलांची डावी! मुलांनी बाई पाहिल्या होत्या आणि पाहिलं ते मनापासून शिकली होती. त्यातून इलेक्ट्रॉन वाढले तर अणू मोठाच व्हायचा, असं त्यांना आपोआप वाटलंही असणार. वरून खाली हात नेताना मात्र फसगत नव्हती. खाली ते सगळ्यांचंच खाली. “चाचणीतही सगळ्यांनी असंच उलटं लिहिलंय,” बाईंच्या तोंडून निघून गेलं.

“म्हणजे मुलांची चूक झाली?” मागून मोठ्या बाईंनी विचारलं.

हो म्हणणं किती सोपं होतं. बाई उभ्या राहिल्या. “नाही. माझी झाली. मी उलट्या बाजूला चालत होते.”

मग त्या तक्त्याकडे तोंड करून, मुलांच्या बाजूने उभ्या राहिल्या. दाराकडे जाताना इलेक्ट्रॉन वाढतात खरे, पण त्याच कवचात. आणि मधल्या केंद्रकात प्रोटॉनही वाढतात, ते सगळ्यांना आत ओढून धरतात, म्हणून अणू आवळत जातो. हे सांगून त्यांनी एकेकाला आपल्या शब्दांत परत सांगायला लावलं. कोणी अडखळलं, कोणी हसलं, पण घोकलेलं कोणीच बोललं नाही.

मोठ्या बाईंनी पेनाला टोपण लावलं. “चूक झाली हे मी लिहिणार आहे. आणि पुढच्या वर्षी रसायन तुम्हीच शिकवणार आहात, हेही लिहिणार आहे.” त्या निघून गेल्या.

वाचकहो, घर असो, कचेरी असो की शाळा, आपण सांगतो आणि हुंकार आला की निर्धास्त होतो. ज्याला सांगितलं त्याच्या तोंडून ते परत ऐकावं. आणि चुकलं तर त्याच्यावर डोळे वटारण्याआधी आपण कुठे उभं राहून सांगितलं, ते पाहावं.

बाईंनी शेवटी त्या मुलीला जवळ घेऊन विचारलं, “पुस्तकात तर बरोबर दिलं होतं. मी शिकवलं त्या दिवशी विचारलं का नाहीस गं?”

मुलीने खाली पाहिलं, मग वर.

“बाई, समजलं ना विचारता विचारता तुम्ही घड्याळ बघता. म्हणून आम्ही हो म्हणतो.”