डागांची वर्गवारी

दादाचं लाँड्रीचं दुकान बंद झालं तेव्हा गल्लीतले लोक फार हळहळले, आणि पुढच्याच आठवड्यापासून चौकातल्या दुसऱ्या दुकानात कपडे टाकायला लागले. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. माणूस आजारी पडला म्हणून कुणाचे कपडे मळायचे थांबत नाहीत. उभा जन्म वाफेत आणि रसायनांच्या वासात काढून दादाची फुप्फुसं पार कामातून गेली होती. आता तो पुढच्या खोलीत खिडकीशी पलंगावर बसायचा. नाकात ऑक्सिजनची नळी, उशाशी घरघरणारं यंत्र आणि मांडीवर धाकट्या बहिणीचा जुना लॅपटॉप.

लॅपटॉप तिचा, वेबसाइटही तिनंच करून दिलेली. ती एका कंपनीत दुसऱ्यांच्या वेबसाइटी सर्चमध्ये वर आणायचं काम करायची. दादाला ते काम कधीच नीट कळलं नव्हतं, म्हणून तो तिला मान देऊन ‘मॅडम’ म्हणायचा, आणि तो मान नव्हे हे दोघांनाही ठाऊक होतं. दुकान बंद झाल्यावर तो दिवस दिवस छताकडे बघत पडून राहायला लागला, तेव्हा तिनं त्याला म्हटलं होतं, तुला डागांबद्दल जे जे माहीत आहे ते लिहून काढ. दादानं लिहायला घेतलं आणि मग त्याला थांबवणं कुणाच्या हातात राहिलं नाही.

त्याचं लिहिणं म्हणजे त्याचं बोलणंच. शाईच्या डागाचं पान उघडलं की आधी एका कारकुनाचा कोट यायचा, मग त्या कारकुनाचं लग्न कसं मोडलं ते, मग त्याच्या आईचा स्वभाव, आणि पार तळाशी, दमलेल्या वाचकाला दया म्हणून, शाई काढायची कशी ते. पुष्कळ लोक तिथवर पोचायचेच नाहीत. मधेच कंटाळून खाली प्रश्न टाकायचे, की ते सगळं ठीक आहे, पण माझ्या पडद्याचं काय? मग दादा त्यांना उत्तर लिहायचा. पडदा सुती आहे का, डाग कालचा की आजचा, आधी साबण लावला होता का, असं विचारत विचारत तो एका पडद्यावर अख्खी दुपार काढायचा. दूरच्या कुठल्या शहरातली एक शिंपीणबाई तर जवळजवळ रोज काहीतरी विचारायची. ही बाई मुद्दाम डाग पाडून घेते, असा दादाला संशय होता, आणि त्या संशयावर तो बेहद्द खूश होता.

वहिनी दिवसभर कामावर असायची. संध्याकाळी आल्यावर ती नवऱ्याला तब्येत विचारायची नाही, आज कुणी विचारलं का, एवढंच विचारायची. ज्या दिवशी प्रश्न आलेला असे त्या दिवशी तो ताठ बसून जेवायचा आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणायचा. ज्या दिवशी नसे त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून पडायचा आणि ताट तसंच परत जायचं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं की फुप्फुसं आता सुधारणार नाहीत, माणसाचं मन कशात तरी गुंतलेलं राहिलं तर दिवस बरे जातील. वहिनी एकदा ओट्यापाशी हलक्या आवाजात धाकटीला म्हणाली, “लोक विचारतात तोवर तो आहे, बाई. तुला वर आणायचं कळतं ना? मग आण.”

कारण प्रश्न आटत चालले होते. सर्चमध्ये दादाची पानं कुठल्या कुठे खाली गेली होती. वर सगळ्या झकपक वेबसाइटी, ज्यांच्या लेखकांनी आयुष्यात कधी बाही उलटी करून पाहिली नसेल. धाकटीनं मनावर घेतलं. रोज ऑफिसातून परस्पर दादाकडे यायची आणि त्याच्या पायथ्याशी घडीचं टेबल लावून बसायची. तिनं त्याला समजावून सांगितलं की त्याचं ज्ञान खोलीभर पसरलेल्या कपड्यांसारखं पडलंय. एका जातीची पानं एका गटात लावायची, प्रत्येक गटाला एक मुख्य पान द्यायचं, बाकीची पानं त्याला लिंकनं जोडायची. म्हणजे सर्चला कळतं की या माणसाला या विषयातलं सगळं येतं. दादा म्हणाला, ते मलाही कळतं, त्यात जोडायचं काय?

गट पाडण्यावरून मात्र त्यांची चांगलीच जुंपली. खाण्याचे डाग, शाईचे आणि रंगाचे, तेलाचे, औषधांचे, अंगातून येणारे, असे तिनं पाच-सहा गट केले. लिपस्टिक तेलात घालायची की रंगात, यावर एक संध्याकाळ गेली. दादाचं म्हणणं, तिला घरगुती भांडणांचा वेगळा गट करावा. पण खरा वाद झाला तो शेवटच्या गटावर. दादाची काही पानं अशा डागांवर होती जे जातच नाहीत. ती त्यानं फार मन लावून लिहिली होती, की इथे हात थांबवा, उगाच जीव काढू नका, कापड फाटेल पण हा हलायचा नाही. ती पानं सगळ्यात वर ठेवायला हवीत असं त्याला वाटत होतं.

“असं कुणी शोधतच नाही, दादा,” ती म्हणाली. “लोकांना जाणारा डाग हवा असतो.”

“लोकांना हवा असतो गं. डागाला विचारलंस का?”

ती हसली आणि तिनं ती पानं काढून टाकली. कारकुनाचा कोटही गेला, त्याची आई गेली. प्रत्येक पानाच्या डोक्यावर तिनं सरळ उत्तर आणून ठेवलं, आधी काय करायचं, मग काय, किती वेळ. दादाला हे पाहताना जड गेलं असणार, पण त्याचा तिच्यावर विश्वास होता. त्याचं एकच वाक्य तिनं जसंच्या तसं ठेवलं, कारण ते तिलाही लहानपणापासून पाठ होतं. दुकानात नव्या नोकराला तो पहिल्या दिवशी तेच सांगायचा. औषधांच्या गटाच्या मुख्य पानावर अगदी पहिल्या ओळीत तिनं ते बसवलं: डागाशी भांडू नका, त्याची समजूत काढा.

पुढे तिच्या अपेक्षेपेक्षाही लवकर पानं वर सरकायला लागली. आधी तेलाचा गट, मग औषधांचा. एका रविवारी तिनं सर्चमध्ये आयोडीनचा डाग म्हणून टाकलं आणि दादाचं पान पहिलं आलं. वहिनी आइस्क्रीम घेऊन आली. दादानं लॅपटॉप मांडीवर घेऊन आपलं पान पहिलं येतंय हे पुन्हा पुन्हा पाहिलं, आणि तिला पहिल्यांदाच थट्टा न करता म्हणाला की मॅडम, मानलं तुम्हाला.

त्यानंतर प्रश्न कमी झाले. धाकटीनं सांगितलं, आता उत्तर लोकांना चटकन सापडतं, म्हणून विचारावं लागत नाही. दादाला ते पटलं. म्हणजे आपण काम चांगलं केलं, असं तो म्हणालाही. पण मग प्रश्न कमीचे बंद झाले, आणि एक दिवस ऑफिसात बसून तिनं वेबसाइटवर येणाऱ्या लोकांचा आलेख उघडला तर तो जमिनीला टेकलेला. दादाचं पान पहिलंच होतं. फक्त त्याच्याही वर आता एक चौकट आली होती आणि त्या चौकटीत सर्च स्वतःच उत्तर देत होतं. आधी हे करा, मग ते करा, इतका वेळ थांबा. उत्तर दादाचं होतं. ते वाचून लोक तिथूनच परत जात होते, खाली उतरून पानापर्यंत यायचं कुणाला काही कारणच उरलं नव्हतं.

या चौकटीबद्दल ऑफिसात कधीपासून बोलणं चाललं होतं. तिनं स्वतः गिऱ्हाइकांना इशारे दिले होते, की नीटनेटकं, मुद्देसूद उत्तर डोक्यावर ठेवलं की ते सर्चच्या यंत्राला उचलायला सोपं जातं. जगाला शहाणपण शिकवत होती आणि घरात डोळे मिटून बसली होती. कारकुनाच्या आईच्या गराड्यात दडलेलं उत्तर कुठल्याही यंत्रानं सहज उचललं नसतं. तिनं ते सोलून, पुसून, ताटात वाढून दिलं होतं. याची लाज तिला फार वाटली, आणि त्याहून जास्त भीती.

तिनं दादाला काही सांगितलं नाही. सुट्ट्यांचे दिवस आहेत, लोक बाहेरगावी गेलेत, असं काहीबाही ठोकून दिलं. मग जुन्या प्रतींतून कारकुनाचा कोट काढला, मोडलेलं लग्न काढलं, न जाणाऱ्या डागांची पानं काढली आणि सगळं होतं तसं पुन्हा लावलं. त्यामुळे पानं पहिल्या नंबरावरून घसरली, एवढंच झालं. चौकटीतलं उत्तर तसंच राहिलं. एकदा शिकलेलं ते यंत्र आता विसरायला तयार नव्हतं. शेवटी तिनं शिंपीणबाईंना निरोप पाठवला की बऱ्याच दिवसांत काही विचारलं नाहीत. बाईंचं उत्तर लगेच आलं. आता फोनलाच विचारते, तो लगेच सांगतो, दादांना आजारपणात कशाला त्रास द्यायचा, तब्येत कशी आहे त्यांची? बाईंच्या मनात वाईट काहीच नव्हतं, त्यामुळे तिला कुणावर रागावताही येईना.

दादा वाट बघत राहिला. सकाळी उठल्यावर लॅपटॉप उघडायचा आणि मिटायचा. मग उघडाच ठेवायला लागला, न जाणो कुणी विचारलं आणि उत्तराला उशीर झाला तर. जेवण अर्ध्यावर आलं. पाठीला जखम झाली, कारण तो आता बसेनासाच झाला होता. जखमेची पट्टी बदलायला एक नर्स घरी यायला लागली. तरुण, कामाला चोख, बोलायला गोड, आणि सदा घाईत, कारण तिची पुढची घरं वाट बघत असायची.

त्या दिवशी धाकटी सुट्टी घेऊन घरी होती. नर्सनं पट्टी काढली, जखम पुसली आणि आयोडीनची बाटली उघडताना ती तिच्या हातून निसटली. बाटली धाकटीनं वरच्यावर झेलली, पण नर्सच्या पांढऱ्या बाहीवर कोपरापर्यंत तपकिरी लोंढा गेला.

“गेला हा ड्रेस,” नर्स म्हणाली.

दादानं मान वळवली. बाहीकडे पाहिलं. कितीतरी आठवड्यांनी तो कुणी न उठवता कोपरावर उठला. धाकटीला त्याच्या डोळ्यांत तो जुना दुकानदार दिसला, जो गिऱ्हाइकाच्या हातातलं कापड दारातूनच ओळखायचा. त्याला बोलायचं होतं. पण आता एक वाक्य बोलायचं म्हणजे त्याला आधी दोन-तीन श्वास साठवावे लागायचे, आणि तो ते साठवत होता. त्यानं बोट वर केलं, थांब म्हणून.

नर्सची त्याच्याकडे पाठ होती. तिनं मोकळ्या हातानं खिशातला फोन काढला आणि त्याला विचारलं, “पांढऱ्या कापडावरचा आयोडीनचा डाग कसा काढायचा?”

फोनला श्वास साठवावा लागत नाही. त्यातून स्वच्छ, गोड आवाज आला. “डागाशी भांडू नका, त्याची समजूत काढा. आधी गार पाण्यानं धुवा. मग क जीवनसत्त्वाची गोळी पाण्यात विरघळवून ते पाणी डागावर टिपा. घासू नका.”

दादाचं बोट तसंच वर राहिलं.

“छान सांगतो हा,” नर्स म्हणाली.

“हे वाक्य दादाचं आहे,” धाकटी म्हणाली. तिचा आवाज नको तितका चढला होता. “त्यानं लिहिलंय हे. लाँड्री होती त्याची. त्याला विचारा.”

नर्सनं दादाकडे पाहिलं आणि ती हसली. रोग्याच्या घरचे लोक रोग्याबद्दल काही अभिमानाचं सांगतात तेव्हा हसावं लागतं, तसं. “हो का? अरे वा, काका,” ती म्हणाली. मग फोन खिशात टाकून ती मोरीत बाही धुवायला गेली. परत आली तेव्हा डाग बराच फिका झाला होता. तिनं नवी पट्टी बांधली, उद्या याच वेळेला येते म्हणून सांगितलं, आणि गेली.

दादानं लॅपटॉपकडे पाहिलं, तो अजून उघडाच होता. त्याला सगळं समजलं होतं. सुट्ट्या, बाहेरगाव, सगळंच. धाकटी पलंगाशी उभी होती आणि तिला रडू आवरत नव्हतं. तो आता रागावला तर बरं, असं तिला मनापासून वाटत होतं.

“गार पाणीच घेतलं ना तिनं?” त्यानं थांबत थांबत विचारलं.

“गारच घेतलं.”

“मग जाईल.” त्यानं पुन्हा श्वास साठवला. त्याला बराच वेळ लागला, आणि ती थांबली. “सगळं नीट लावलं होतंस, मॅडम. म्हणूनच त्याला सापडलं.”

त्यात टोमणा नव्हता. तो तिचं कौतुकच करत होता, आणि तेच तिला सहन झालं नाही. त्यानं लॅपटॉप स्वतःच्या हातानं मिटला आणि तिच्याकडे दिला. मग तो भिंतीकडे वळला आणि खिडकीचा पडदा ओढायला त्यानं तिला सांगितलं.

संध्याकाळी वहिनी आली. चप्पल काढता काढता तिनं दारातूनच विचारलं, आज कुणी विचारलं का?