इथून पुढे हात माझा

मित्रांनो, कित्ता म्हणजे काय हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? हात वर करू नका, मला काही दिसायचं नाही. ज्या पानांवरची वळणदार अक्षरं बघून मुलं आपलं अक्षर सुधारायची, त्या वहीला कित्ता म्हणत. तसला एक जुना, बहात्तर पानांचा कित्ता म्हणजे मी. सगळा हाताने लिहिलेला, छापील एक टिंबसुद्धा नाही. सध्या मी ग्रंथालयात काचेच्या कपाटात असतो. शेजारी पाटी आहे, ‘कृपया हात लावू नये.’ आता लावला काय आणि न लावला काय! ज्यांना हात मारायचा होता, त्यांचा मारून झाला.

माझा जन्म एका स्वयंपाकघरात झाला. त्या घरातले वडील अक्षराचे मास्तर होते. कचेरीत कारकून व्हायचं असेल तर आधी त्यांच्यासमोर सहा महिने बसावं लागे. त्यांची मुलगी चुलीच्या उजेडाला बसून काजळ आणि डिंक खलून शाई करायची. माझा कागद खरखरीत होता. तिने तो एका गुळगुळीत दगडाने घोटून घोटून असा केला की त्यावरून बोरू लोण्यासारखा सरकावा. आठ दिवस तिचा खांदा दुखत होता. मास्तर म्हणाले, “कोपरे राहिले.” बाकी काही नाही. माणूस वाईट नव्हता, पण कौतुकाच्या बाबतीत महाकंजूष.

एका गोष्टीचा मात्र त्यांचा हट्ट होता. मजकुराच्या चारी बाजूंना दोन-दोन बोटं काठ कोरा सोडायचा. मुलीने एकदा विचारलं, “बाबा, एवढी जागा वाया कशाला?”

“वाया कशी? वाचणारा अंगठा कुठे ठेवणार? माझ्या अक्षरावर?”

हे वाक्य लक्षात ठेवा, मित्रांनो. पुढे लागणार आहे.

बत्तीस पानं मास्तरांनी लिहिली. बत्तिसाव्या पानाच्या शेवटच्या तीन ओळी बघितल्यात, तर अक्षरं थंडीत उभी केल्यासारखी कुडकुडताना दिसतील. मास्तरांचा हात थरथरायला लागला होता. आधी त्यांनी शाईला शिव्या दिल्या, मग बोरूला, मग टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी घालून पाहिली. शेवटी बोरू खाली ठेवला. मुलगी तेव्हा एकोणीस वर्षांची होती. ती म्हणाली, “आणा इकडे.”

“तुला जमायचं नाही.”

“न जमायला काय झालं? लहानपणापासून तुमच्या हाताकडेच बघतेय मी.”

तिने एक ओळ वेगळ्या कागदावर लिहिली. मास्तर तो कागद घेऊन खिडकीशी गेले. बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा म्हणाले, “वेलांटी जरा आखूड कर.” आणि बोरू तिच्या हातात दिला. तेहतीसपासून बहात्तरपर्यंत चाळीस पानं तिने लिहिली. सकाळचं काम आवरून, हात कोरडे करून, एका बैठकीला एक पान. खोटं कशाला बोलू, तिचं अक्षर बापाहून सरस होतं. बापाचं अक्षर शिस्तीत उभं राही, तिचं जरा हसायचं.

शेवटच्या दिवशी मास्तर म्हणाले, “कुठेतरी लिहून ठेव की इथून पुढे हात तुझा. नाहीतर लोक म्हणतील, म्हातारा शेवटपर्यंत ठणठणीत होता. खोटं श्रेय मला पचायचं नाही.”

तिने तेहतिसाव्या पानाच्या बाहेरच्या काठावर, अगदी कडेला, उभी एक ओळ लिहिली. ‘इथून पुढे हात माझा. मास्तरांची मुलगी.’

“एवढं बारीक? मुंग्यांनी वाचायचंय का?”

“ज्याला बघायचंय त्याला दिसेल, बाबा.”

तेव्हा मीही भोळा होतो. मलाही वाटलं, दिसेल.

त्यानंतरची वर्षं माझी चांगली गेली. शेकडो मुलांनी माझ्यावरून अक्षर गिरवलं. काठांवर त्यांच्या अंगठ्यांचे डाग पडले, एकाने तर नाक पुसलं. मला राग नाही आला. मास्तर गेल्यावर मुलीनेच काही वर्षं शिकवणी चालवली. मग तिचं लग्न झालं, ती सासरी गेली, आणि मी राहिलो तिच्या धाकट्या भावाकडे, एका पत्र्याच्या ट्रंकेत. चाळीस-पंचेचाळीस वर्षं! माझ्या अंगावर कसर फिरत होती आणि वर स्वेटर रचलेले. म्हातारपणी त्या भावाला एकदम वडिलांचं प्रेम आलं. त्याने मला ग्रंथालयाला भेट दिलं आणि भाषण ठोकलं, “आमच्या वडिलांनी एकहाती लिहिलेला हा ठेवा.” एकहाती! कुणीतरी विचारलं, “तुमच्या ताईही लिहायच्या ना?” तर म्हणतो, “ताई होय? ती रेघा मारून द्यायची.” ती चाळीस पानं लिहीत होती तेव्हा हा समोर बसून जेवत होता. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असाच असतो, मित्रांनो. टाळ्या पडल्या की डोलतो.

ग्रंथालयाचे प्रमुख, म्हणजे ग्रंथपालसाहेब, टापटिपीचे भोक्ते. नवं काचेचं कपाट आलं होतं. त्याच्या फळीवर सगळी जुनी पुस्तकं एका उंचीची दिसली पाहिजेत, असा त्यांचा हुकूम. माझी उंची मोजली. मी जास्त भरलो. त्यांनी मला तळघरातल्या बांधणीच्या खोलीत पाठवलं. सोबत चिठ्ठी होती, ‘हिरवं कापड. काठ एकसारखे करणे.’

तिथे जो बाइंडर होता त्याला सगळे सरळकाका म्हणत, कारण त्याने कापलेला काठ पट्टी लावून बघावा इतका सरळ येई. हात गुणी होता त्याचा, नाकारत नाही. त्याने माझी जुनी शिवण उसवली, किडलेला दोरा काढला, नव्या दोऱ्याने शिवलं. तोवर मला बरं वाटत होतं. मग मला दाबात घालून वरून चाक फिरवलं आणि कापायच्या यंत्राचं पातं खाली आलं. वरून एकदा, खालून एकदा, बाहेरच्या बाजूने एकदा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय, ते मला विचारा. कापण्याआधी पानं उलटून बघायची पद्धत असते. काठावर कुणी काही लिहिलं असेल तर तेवढं पान आत दुमडून ठेवतात आणि मगच पातं खाली आणतात. सरळकाकाला हे शिकवावं लागत नव्हतं. पण त्या दिवशी साहेबांना अकरा पुस्तकं हवी होती, आणि मी नववा होतो.

खाली पट्ट्यांचा ढीग पडला. काकाने एक उचलून चोळून पाहिली. “काय दमदार कागद आहे! असला आता मिळतोय कुठे?” पुस्तकाची पाठ मजबूत व्हावी म्हणून कापडाच्या आत कागदाच्या पट्ट्या चिकटवतात. त्याने माझ्याच अंगाच्या पट्ट्या माझ्या पाठीला लावायला घेतल्या. तिसऱ्या पट्टीला खळ लावताना तो थांबला. चष्मा वर सरकवला. ओठ हलवत वाचलं, “इथून पुढे हात माझा.”

पट्टी उलटून पाहिली. मग दाराकडे बघितलं. दारात कुणी नव्हतं. “गेलं ते गेलं,” तो पुटपुटला, “आता काय परत जोडता येणार आहे?” आणि त्याने ती पट्टी माझ्या पाठीवर दाबली, वर हिरवं कापड ओढलं, आणि अंगठ्याने घासून गुळगुळीत केलं.

मग माझं कौतुक सुरू झालं. असं कौतुक वैऱ्याचंही होऊ नये. अक्षरांचे एक अभ्यासक आले, भिंग लावून तीन दिवस मला बघत बसले, आणि प्रदर्शनात म्हणाले, “तेहतिसाव्या पानापासून मास्तरांचा हात एकदम खुलतो. उतारवयात अशी भरारी विरळाच!” लोकांनी माना डोलावल्या. अहो शहाण्या गृहस्था, उतारवयात हात खुलत नाही, थरथरतो! बत्तिसावं पान डोळ्यांपुढे होतं की तुमच्या. पण भिंगातून अक्षर मोठं दिसतं, माणूस दिसत नाही.

वर्तमानपत्रात माझ्या एकेचाळिसाव्या पानाचा फोटो आला. आठवड्याभराने एक म्हातारी बाई ग्रंथालयात आली. ऐंशीच्या घरातली, काठी टेकत, पण चष्मा नाही. सोबत तिची लेक, खांद्याला ऑफिसची पर्स. ती सारखी घड्याळ बघत होती. मी चालण्यावरून ओळखलं नाही. पण तिने माझ्या उघड्या पानासमोर कपाटाच्या काचेवर बोटाने वेलांटी काढली, आखूड, आणि मी ओळखलं.

“हे माझं पान आहे,” ती म्हणाली.

“आई, हळू बोल,” लेक म्हणाली. “मामा काय म्हणाला माहितीये ना? घरी बोललीस तर बोललीस. इथे चारचौघांत नको.”

“घरी तरी कोण ऐकतं? जावई हसतात, नातवंडं हसतात. तूही हसतेस. म्हणून तर तुला आणलंय. तुझ्या डोळ्यांनी बघ, मग मी परत कधी हा विषय काढणार नाही.”

ग्रंथपालसाहेबांनी मला कपाटातून काढलं. माणूस सभ्य होता, त्याने खुर्चीही दिली. ती म्हणाली, “तेहतिसावं काढा. बाहेरच्या कडेला आहे बघा.” आणि लेकीला जवळ ओढलं.

तिचं बोट पानावरून बाहेर सरकत गेलं आणि कागद संपला. तिने परत सुरुवातीपासून सरकवलं. परत संपला. बत्तिसावं बघितलं, चौतिसावं बघितलं, पान उजेडात धरलं.

“इथे होतं. काठ कुठे गेला? केवढा काठ होता, अंगठा ठेवण्याएवढा!”

“आजी, बांधताना काठ जरासे सारखे करावे लागतात,” साहेब म्हणाले. “पण लिहिलेलं काही असतं तर आम्ही कापलं असतं का?” आणि खात्री म्हणून त्यांनी सरळकाकाला वर बोलावलं. “काय हो काका, ह्याच्या काठावर काही लिहिलेलं होतं?”

सरळकाकाने तिच्याकडे बघितलं. मग साहेबांकडे. मग माझ्याकडे.

“नाही साहेब. कोरा होता.”

मित्रांनो, माझ्यात बहात्तर पानं भरून अक्षरं आहेत. त्या वेळी त्यातलं एकही माझ्या कामाला आलं नाही. बोंब मारावी तर तोंड नाही, आणि पुरावा तर माझ्याच पाठीला चिकटलेला.

साहेब अजूनही सभ्यपणेच म्हणाले, “आजी, तुम्ही एक ओळ लिहून दाखवा ना. अक्षर बोलेलच.” त्यांनी कागद आणि पेन पुढे केलं. तिने पेन उचललं. पेनाचं टोक कागदाला लागायच्या आधीच हलत होतं. तिने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. दोन अक्षरं झाली. ती अक्षरं मी ओळखत होतो. बत्तिसाव्या पानाच्या शेवटच्या तीन ओळींत अगदी तशीच आहेत.

“माझ्या बाबांचाही हात असाच हलायचा,” ती म्हणाली. “म्हणून तर...”

“चल आई,” लेक म्हणाली. “माफ करा हं साहेब. वय झालंय तिचं.”

उठताना तिने माझा आधार घेतला. तिचा अंगठा तिच्याच अक्षरांवर पडला. दुसरीकडे ठेवायला जागाच उरली नव्हती.

काही दिवसांनी कपाट पुसायच्या निमित्ताने सरळकाका एकटाच आला. त्याने मला बाहेर काढलं, खिशातली बारीक सुरी उघडली आणि तिचं टोक माझ्या पाठीच्या कापडाला लावलं. मी म्हटलं, काप रे बाबा, एकदा चुकीचं कापलंस, आता बरोबर काप. त्याने एकदा दाराकडे बघितलं. मग सुरी मिटली. “आठ महिने राहिलेत रे माझे,” तो मला म्हणाला. जणू मी त्याची नोकरी घालवायला बसलो होतो! आठ महिने झाले. निरोपाच्या कार्यक्रमात साहेबांनी त्याच्या सरळ काठांची तारीफ केली, आणि नमुना म्हणून टेबलावर मलाच ठेवलं. तो रडला. सगळ्यांना वाटलं, नोकरी सुटतेय म्हणून.

असल्या आत्मकथेच्या शेवटी आम्ही जुन्या वस्तू हात जोडतो, हे तुम्हाला पाठ असेल. पानं दुमडू नका, थुंकी लावून उलटू नका, आम्हाला जपा. माझं तसलं काही मागणं नाही. मला पुरेसं जपून झालं आहे. जपता जपताच तर माझा काठ गेला.

माझं मागणं उलटं आहे. तुमच्यापैकी कुणी मोठेपणी बाइंडर व्हा, ग्रंथपाल व्हा, नाहीतर नुसतेच धिटाईने साहेबांना पत्र लिहा. माझी पाठ फाडायला सांगा. हिरवं कापड सोलायचं, ओल्या फडक्याने खळ भिजवायची आणि शेवटी लावलेली तिसरी पट्टी सोडवायची. मी परत कपाटात ठेवण्याच्या लायकीचा राहणार नाही. नाही राहिलो तर नाही. फक्त ती पट्टी मास्तरांच्या मुलीच्या घरी न्या आणि लेकीच्या देखत तिच्या हातात द्या.

ती अजून आहे की नाही, मला कुणी सांगत नाही. म्हणून जरा लवकर करा. हात हलत होता तिचा, पण डोळे शाबूत होते. ओळ मुंगीएवढी असली तरी तिला चष्म्याशिवाय वाचता येईल.