डॉक्टरांना दिलेलं माप

चार लोकांत चहाला "नको, आत्ताच झाला" म्हणणारा एक तरी माणूस तुमच्या-आमच्या ओळखीत असतोच. आपण एकदा आग्रह करतो आणि सोडून देतो. त्याला चहा हवा असतो, पण थरथरत्या हातानं कप धरायचा कसा या पेचात तो असतो, हे आपल्या गावीही नसतं. ही गोष्ट अशाच एका माणसाची आहे, आणि थोडी आपलीही आहे.

त्यांना सगळे मास्तर म्हणत. शाळेतले नव्हेत, कपडे बेतणारे मास्तर. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं शिवणाचं दुकान होतं. दोन मशीनवर दोन कारागीर, खिडकीशी काज-बटण करणाऱ्या मावशी आणि मधोमध कापायचं लांबलचक टेबल. एकतीस वर्षांत त्या टेबलावर मास्तरांशिवाय दुसऱ्या कुणी कात्री चालवली नव्हती. मास्तर पट्टी न लावता खडूची रेघ मारायचे, आणि कधी रेघ आणि पट्टी जुळली नाही तर कारागीर पट्टीवरच शंका घ्यायचे.

दीड वर्षापूर्वी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी नुसता अंगठा, मग सगळा पंजा. जोडीला मानेपासून कोपरापर्यंत एक ठणका आला आणि मुक्कामच ठोकून बसला. सकाळी खांदा इतका आखडलेला असे की शर्टाच्या बाहीत हात घालायला त्यांना पाच मिनिटं लागायची. ज्यानं जन्मभर दुसऱ्यांच्या बाह्या शिवल्या, त्याला स्वतःची बाही सापडेना!

त्यातच एका नातेवाइकाच्या घरी कप बशीवर वाजला आणि थोडा चहा सांडला. बायकोच्या चुलतभावानं सगळ्यांदेखत अंगठा तोंडाशी नेला आणि विचारलं, "काय मास्तर, सकाळी सकाळीच?" खोली हसली. सोड्याच्या बाटलीपलीकडे ज्यांनी आयुष्यात काही उघडलं नाही, ते मास्तरही हसले. घरी आल्यावर मात्र त्यांना जेवण गेलं नाही.

त्या दिवसापासून नवरा-बायको मिळून एकच काम करू लागले. हात लपवण्याचं! बायकोनं त्यांच्या शर्टांची बटणं काढून आतून टिचबटणं लावली. ती त्यांना अर्धाच कप भरून देई. कुठे सही करायची वेळ आली की "चष्मा विसरलेत हो" म्हणून तीच पुढे होई. बाहेर निघताना त्यांच्या हातात एक जड पिशवी देई, कारण ओझं धरलेला हात हलला तरी कुणी काही म्हणत नाही. ती हे सगळं प्रेमानं करायची. तिच्याइतकं प्रेम करणारी बायको मिळायला नशीब लागतं.

आता डॉक्टरांकडे ते गेलेच नाहीत असं समजू नका. गेले, दोनदा गेले. पण आपण दवाखान्यात जातो तेसुद्धा पाहुणे असल्यासारखे जातो. मास्तरांनी सकाळी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. तिथं ताठ बसता यावं म्हणून बायकोनं तासभर आधी दुखण्याच्या दोन गोळ्या दिल्या. मास्तर डॉक्टरांसमोर मांडीवर पिशवी आणि पिशवीखाली हात दाबून बसले.

"किती दुखतं? दहापैकी सांगा," डॉक्टरांनी विचारलं.

जास्त सांगितलं तर माणूस रडका दिसेल, असं मास्तरांना वाटलं. ते म्हणाले, "तीन."

"आणि हात कसे चालतात?"

"तसे ठीक आहेत हो," बायकोनं परस्पर उत्तर दिलं.

बाहेर तीस जण ताटकळत होते. डॉक्टरांनी चोळायचं मलम लिहून दिलं, वय झालं की असं व्हायचंच म्हणाले आणि पुढच्याला बोलावलं. दुसऱ्या खेपेलाही तेच घडलं. शेवटी बायकोनं खूप खटपट केली आणि मोठ्या हॉस्पिटलातल्या मज्जातंतूंच्या डॉक्टरांची वेळ मिळवली. अडीच महिन्यांनंतरचा गुरुवार मिळाला. त्या गुरुवारसाठीही दाढी, इस्त्री आणि दोन गोळ्या असा बेत ठरलेला होता.

तो आठवडा उजाडला. शाळा उघडायला थोडेच दिवस होते, दुकानात गणवेशाच्या कापडाचे ढीग पडले होते. सोमवारी मास्तरांनी शर्टाच्या कापडाचे बारा थर एकावर एक लावले आणि मुंढ्याचा गोलावा कापायला घेतला. मुंढा म्हणजे जिथं खांद्याला बाही जोडतात ती जागा. अर्ध्या गोलाईवर खांद्यातून कळ आली, हात उडाला आणि कात्री आत शिरली. एका फटक्यात बाराही शर्ट गेले.

दोन्ही मशिनी थांबल्या. मास्तरांनी कात्री हळूच टेबलावर ठेवली.

"मावशी, शाळेला निरोप द्या. काम दुसरीकडे द्या म्हणावं. मी आता कापणार नाही."

"आज नाही?" मावशींनी विचारलं.

"कधीच नाही," मास्तर म्हणाले. त्यांना दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही शिकावंसंही त्यांना कधी वाटलं नव्हतं.

मावशी काही बोलणार तेवढ्यात एक गिऱ्हाईक आत आलं. चांगले भारदस्त गृहस्थ होते, पँटचं माप द्यायला आले होते. दुःख कितीही मोठं असलं तरी गिऱ्हाइकाला उभं ठेवायचं नाही, हा मास्तरांचा नेम. त्यांनी टेप उचलली. मावशी नेहमीसारख्या दुसरं टोक धरायला आल्या. टेप कमरेला लागली मात्र, त्या गृहस्थांनी पोट आत ओढलं.

"साहेब, श्वास सोडा," मास्तर म्हणाले.

"सोडलाय की!"

"आणखी सोडा. पँट तुमच्या पोटासाठी शिवायची आहे, फोटोसाठी नाही."

गृहस्थ हसले, आणि हसता हसता पोट सुटलं. टेप चांगली चार बोटं सरकली. मास्तरांनी खरा आकडा मावशींना सांगितला, त्यांनी तो वहीत लिहिला आणि गृहस्थ निघून गेले.

मावशींनी वही मिटली. "मास्तर, डॉक्टरांना तुम्ही काय माप देऊन आलात?"

"म्हणजे?"

"वहिनींनी सांगितलंय मला. दोन गोळ्या घेऊन गेलात, हात पिशवीखाली दाबलात आणि तीन म्हणालात. हे पोट आत ओढूनच की! मग औषध अंगाला बसायचं कसं? डॉक्टरांनी तुम्ही दिलं त्या मापाचं शिवलं. त्यांचं काय चुकलं?"

मास्तरांचा चेहरा लाल झाला. "मग काय करू? हात हलतात म्हणून दवंडी पिटू? पिऊन आलाय म्हणतात लोक!"

"म्हणणाऱ्याला लाज नाही आणि आजारी माणसानं लाजायचं? वा रे न्याय!" मावशींचा आवाज चढला. "मला चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवता येत नाही. गिऱ्हाइकासमोर नाकावर चढवते की नाही? डोळा अधू झाला तर चालतो आणि हात अधू झाला की तोंड लपवायचं, हे कुणी ठरवलं?"

मावशी थोड्या नरमल्या आणि स्टुलावर बसल्या.

"मी तरी कुठे शहाणी आहे! चार महिने झाले, तुम्ही मागच्या खोलीत जेवायला गेलात की मी तुमच्या रेघा पुसते आणि पट्टी लावून नीट मारते. वाटायचं, मास्तरांना कळायला नको. पण रेघ सरळ केली म्हणून हात थोडाच सरळ होतो! आज बारा शर्ट गेलेच. पहिल्याच दिवशी तोंड उघडलं असतं तर तुम्ही चार महिने आधी मोठ्या डॉक्टरांकडे गेला असता."

दारात कुणीतरी नाक ओढलं. मास्तरांची बायको डबा घेऊन आली होती आणि केव्हाची तिथंच उभी होती.

"मी तर दीड वर्ष रेघा पुसतेय," ती म्हणाली. "मला वाटायचं, मी ह्यांना जपतेय."

मावशींनी उठून तिच्या हातातला डबा घेतला आणि तिला बसायला आपलं स्टूल दिलं.

गुरुवारी सकाळी मास्तरांनी गोळ्या घेतल्या नाहीत. दाढी केली नाही, कारण वस्तरा धरवेना. बसमध्ये प्रत्येक खड्ड्याला त्यांचे डोळे मिटत आणि बायको खिडकीबाहेर बघत बसे, कारण त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

हॉस्पिटलात खिडकीवर फॉर्म मिळाला. सवयीनं बायकोचा हात पेनाकडे गेला. अर्ध्यातच थांबला. तिनं पेन मास्तरांच्या हातात दिलं. मास्तर लिहू लागले. अक्षरं वर चढत होती, खाली घसरत होती. एका ओळीला तीन मिनिटं लागली तसा मागचा माणूस मोठ्यानं उसासा टाकून म्हणाला, "आज होईल का?"

बायको गर्रकन वळली. "लिहू द्या हो त्यांना! त्यांचे हात थरथरतात. आजारी आहेत ते. वेळ लागतो."

आख्ख्या रांगेनं ऐकलं. छप्पर काही कोसळलं नाही. मागचा माणूस ओशाळला, म्हणाला, "सावकाश होऊ द्या, ताई."

आत डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी मास्तरांना हात पुढे धरायला लावले, बोटं जुळवायला लावली, पाण्यानं भरलेला पेला उचलायला लावला. पाणी टेबलावर सांडलं. बायकोनं पदर उचलला होता, पण डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. "राहू द्या. सांडलेलंच मला बघायचं आहे." मग त्यांनी विचारलं, "किती दुखतं? दहापैकी?"

"ती..." मास्तर अडखळले. त्यांनी एक लांब श्वास सोडला. "आठ. सकाळी उठताना नऊ."

"नऊ?" बायको एकदम म्हणाली. "अहो, मला तुम्ही चार सांगत होतात!"

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. "तुला झोप लागावी म्हणून."

डॉक्टरीणबाईंनी दोघांना पाणी दिलं आणि थोडं थांबून बोलायला सुरुवात केली. हा मज्जातंतूंचा आजार होता. तो मुळापासून जाईल असं वचन त्यांनी दिलं नाही. पण वेळच्या वेळी औषध आणि रोजचा व्यायाम यांनी थरथर कमी होईल, दुखणं आटोक्यात राहील, असं सांगितलं. "आज तुम्ही मला खरं दाखवलंत म्हणून मी खरं औषध देऊ शकते," त्या म्हणाल्या. परत येताना बसमध्ये नवरा-बायको एकमेकांना धरून बसले. कोण कुणाला सांभाळत होतं ते सांगता आलं नसतं.

तीन महिन्यांनी आठाचे चार झाले. हात थरथरायचा थांबला नाही, पण शर्टाची बाही सापडू लागली. कापायचं काम आता मोठा कारागीर करतो आणि मास्तर शेजारी उभे राहून त्याच्या रेघेवर नजर ठेवतात. शाळेचं काम दुसरीकडे गेलं नाही. माप मात्र मास्तर स्वतः घेतात आणि टेप उचलण्याआधीच सांगून टाकतात, "माझे हात थरथरतात. आजार आहे, औषध चालू आहे. माप चुकणार नाही." कुणी कुणी एकमेकांकडे बघतात. बहुतेक जण "बरं बरं" म्हणून उभे राहतात.

एके दिवशी हे ऐकून एक बाई उभी राहिलीच नाही, खाली बसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाली, "माझ्या भावाचं असंच आहे. तिशीही उलटली नाही त्याची. दोन वर्षं झाली, घराबाहेर पडत नाही. आई म्हणते, कुणाला सांगायचं नाही."

"त्याला गुरुवारी हॉस्पिटलात घेऊन या," मास्तर म्हणाले. "मी येतो."

गुरुवारी तो आला. हात काखेत घट्ट आवळून, मान खाली घालून बहिणीमागून आला आणि बाकाच्या टोकाला बसला. मास्तर त्याच्या शेजारी जाऊन बसले. ओळख करून दिली नाही, उपदेश केला नाही. नुसते आपले दोन्ही हात गुडघ्यांवर उघडे ठेवले आणि थरथरू दिले. तो मुलगा बराच वेळ त्या हातांकडे बघत होता. मग त्यानं हळूहळू काखेतून एक हात काढला, थोड्या वेळानं दुसरा काढला आणि आपल्या गुडघ्यांवर ठेवला. बाकावरच्या दोघांचे चारही हात थरथरत होते. येणारे-जाणारे बघत होते, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच त्याला त्याचं काही वाटलं नाही.

वाचकहो, औषध डॉक्टर देतात, पण रोग्याला त्यांच्या दारापर्यंत पोचू द्यायचं की नाही हे आपण ठरवतो. आपल्या एका हसण्यानं माणूस दीड-दीड वर्ष दुखणं लपवत बसतो! म्हणून कुणाचा हात थरथरताना दिसला तर तर्क लढवू नका. "फार दुखतं का? कुणाला दाखवलंत का?" एवढं विचारा. आणि तो हात आपल्याच घरातला असेल तर त्याला जीव लावा, आधार द्या, पण त्याच्यावर पांघरूण घालू नका. जपणं वेगळं आणि झाकणं वेगळं.