कॉफी ओतण्यापुरतं इंग्रजी

मी एक व्हिडिओ कॅसेट बोलतेय. हल्ली आम्हाला कुणी काही विचारत नाही, म्हणून म्हटलं, आपणच तोंड उघडावं. काळा चपटा डबा, पोटात अडीचशे मीटर फीत आणि पाठीवर मल्याळीत लिहिलेली पिवळी पट्टी: ‘घोड्यांचा सिनेमा. कुणी पुसू नये.’ एवढीच माझी ओळख.

जन्मले तेव्हा मी कोरी होते. शारजातल्या एका दुकानात माझ्या पोटात हा सिनेमा भरला गेला. एक माळरान, तिथं एकटीनं गुरं राखणारी एक विधवा, तिच्या विहिरीवर डोळा ठेवून बसलेले गुंड आणि कुठून तरी आलेला एक अनोळखी घोडेस्वार. तासभर गोळीबार, उरलेल्या वेळात कॉफी. मला वाटायचं, मी गोळीबारासाठीच जन्मले आहे. स्वतःबद्दल माणसांचे गैरसमज होतात, तसे आमचेही होतात.

पैली अप्पच्चन, म्हणजे आमच्या घरातले वडीलधारे, यांच्या थोरल्या मुलानं मला व्हिडिओ मशीनसकट केरळात, मीनच्चिल नदीकाठच्या रबराच्या मळ्यांच्या गावात आणलं. बॅगेत माझ्या एका बाजूला डोकेदुखीचं बाम होतं आणि दुसऱ्या बाजूला टॉर्च. अप्पच्चनांनी टॉर्च बघितलाही नाही. मला दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाले, “अरे, हा तर माझा सिनेमा.”

ते खरंच होतं. अप्पच्चनांनी तीस वर्षं जवळच्या पाला शहरातल्या टॉकीजमध्ये सिनेमाचं मशीन चालवलं होतं. हा सिनेमा तिथं सकाळच्या खेळाला पुन्हा पुन्हा लागायचा. इंग्रजीचं एक अक्षर वाचता येत नसूनही त्यांना सगळे संवाद तोंडपाठ होते, आणि कोण कुणाला काय म्हणतंय हे ते चेहऱ्यांवरून अचूक सांगायचे. त्यांनी मला दिवाणखान्यात, घोड्यावर बसून भाला मारणाऱ्या संत गीवर्गीसच्या तसबिरीखाली ठेवलं. म्हणाले, दोघं एकाच जातीचे, राहू देत जवळ.

बरीच वर्षं मी तिथं सुखात होते. नाताळाला एकदा, ईस्टरला एकदा मला लावायचे, शेजारपाजारची माणसं गोळीबाराला टाळ्या पिटायची आणि मी परत तसबिरीखाली जायचे. मग एका दुपारी एलिकुट्टी माझ्यासमोर येऊन बसली आणि माझं खरं आयुष्य सुरू झालं.

एलिकुट्टी ही अप्पच्चनांची धाकटी सून. मिशनच्या दवाखान्यात नर्स. तिचा नवरा वर्की वेलावरची मिरी उतरवताना शिडीवरून पडला, कंबर मोडून घेतली, तेव्हापासून रबराचा चीक काढायचं त्याचं काम सुटलं आणि घर तिच्या पगारावर आलं. आता तो दवाखानाही बंद व्हायच्या बेतात होता. आयर्लंडच्या इस्पितळांसाठी कोचीत मुलाखती चालायच्या, त्यांत ती दोनदा नापास झाली होती. चाळिशीच्या वरची बाई ते घेत नसत, आणि पुढच्या ईस्टरला ती चाळीस पूर्ण करणार होती. म्हणजे आता एकच खेप उरली होती.

त्या दिवशी ती सासऱ्यांना सांगत होती, “अप्पच्चन, मला पोटातल्या प्रत्येक आतड्याचं इंग्रजी नाव येतं. दोनशे सहा हाडं मी झोपेत सांगेन. पण मुलाखतीत त्या बाईनं विचारलं, म्हातारा म्हणतो मला थंडी वाजते, भूक नाही, बूट काढणार नाही, तर त्याच्याशी काय बोलशील? माझ्या तोंडून शब्द फुटेना. मग जे पाठ केलं होतं तेच भडाभडा म्हणून टाकलं.”

“बूट, थंडी, भूक,” अप्पच्चन म्हणाले. “हे सगळं तर आपल्या घोड्यांच्या सिनेमात आहे.”

“त्यात नुसत्या बंदुका आहेत.”

“तू बंदुकांच्या वेळी बघायला यायचीस, म्हणून तुला तसं वाटतं. मोळे, पोरी, तीस वर्षं मी यांना कॉफी पिताना बघितलंय. आपल्यासारखीच बिनदुधाची पितात.”

तर अशी आमची शाळा भरली. वेळ ठरली दुपारची, एलिकुट्टी ड्यूटीवरून आली की कप्पा, म्हणजे उकडलेला टॅपिओकाचा कंद, आणि मासळीची कढी खाऊन. अप्पच्चनांच्या हातात रिमोट. गोळीबार आला की ते मला भरधाव पुढं पळवत. “बंदुका बोलायला लागल्या की माणसं गप्प बसतात. तिथं शिकण्यासारखं काही नाही,” असं म्हणत. वास्तविक तो गोळीबार त्यांचा जीव की प्राण. पुढं पळवताना ते तोंड दुसरीकडं फिरवायचे, हे मी स्वतः बघितलंय.

विधवा दार उघडते आणि अनोळखी स्वाराला म्हणते, “कम इन. सिट डाऊन. यू मस्ट बी टायर्ड.” इथं अप्पच्चन मला थांबवायचे. एलिकुट्टी तीनदा म्हणायची. मग कॉफी ओतली जायची, त्यातून कप, किटली, गरम, सावकाश, अजून थोडी, असे शब्द निघायचे. घोड्याला पाणी पाजताना बादली निघाली. रात्री माळावर गारठलेल्या स्वाराकडून ब्लँकेट मिळालं. खांद्यातली गोळी काढण्याच्या प्रसंगातून तर खजिनाच लागला: हलू नकोस, दुखेल थोडं, माझा हात धर, झालंच आता. एलिकुट्टीनं ते सगळं घेतलं, पण त्या डॉक्टरला क्षमा केली नाही. “हात धुतले नाहीत मेल्यानं,” ती दर वेळी म्हणायची. गुंडांचं ‘हात वर’ मात्र तिनं आनंदानं पाठ केलं, कारण काखेत थर्मामीटर लावायला ते रोजच लागतं.

नियम असा होता की आज शिकलेल्या शब्दांवर उद्याचं घर चालवायचं. त्यामुळे वर्कीचे हाल सुरू झाले. त्यानं जेवायला मागितलं की एलिकुट्टी इंग्रजीत विचारायची, भूक किती आहे, हात धुतले का, बूट कुठं काढलेस.

“हे घर आहे की घोड्यांचा तबेला, ते एकदा दोघं मिळून ठरवा,” वर्की म्हणायचा. “मी त्याप्रमाणे खिंकाळतो.”

“तो शब्द अजून आला नाही,” अप्पच्चन शांतपणे सांगायचे. “पुढच्या आठवड्यात आहे.”

थांबवून थांबवून माझी फीत झिजायला लागली. कॉफीच्या प्रसंगावर पांढऱ्या रेघा उमटल्या, विधवेचा आवाज थरथरायला लागला. पण खरं सांगते, तक्रार करावीशी वाटली नाही. तोवर सगळ्यांनी माझं तमाशासारखं कौतुक केलं होतं. एलिकुट्टी पहिली, जिला माझी गरज होती. आणि तिच्यात एक बदल होत होता, तो तिच्या आधी मला कळला. या सिनेमातली माणसं एक वाक्य बोलतात आणि समोरच्याचं ऐकायला थांबतात. शिवाय अप्पच्चन मला मधेमधे थांबवायचे ते वेगळंच. एलिकुट्टीही तशीच बोलायला लागली. तिचं भडाभडा गेलं.

मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात तिनं विचारलं, “अप्पच्चन, शेवटची दहा मिनिटं राहिली की.”

“तिथं बोलणं नाही. नुसता घोडा जातो,” असं म्हणून त्यांनी मला बाहेर काढलं आणि पुसत बसले.

हे खोटं होतं. शेवटी बोलणं आहे. स्वार कायमचा निघतो, विधवा दारात उभी राहते आणि दोघं एकमेकांचा निरोप घेतात. पण घरातून निघणाऱ्या माणसाच्या कानांवर अप्पच्चन ते शब्द पडू देणार नव्हते. आणि मला वाटतं, त्यांना स्वतःलाही ते ऐकायचे नव्हते. ज्या भाषेच्या जोरावर सून घरातून जाणार, ती भाषा ते स्वतः तिला शिकवत होते. एक वाक्य चोरून ठेवलं तर त्यांचा काय दोष?

मुलाखतीला मीही गेले. अप्पच्चनांनी मला टॉवेलात गुंडाळून एलिकुट्टीच्या बॅगेत तळाशी सरकवलं होतं. तिला ते बसमध्ये रुमाल शोधताना कळलं. हसली, आणि मला परत झाकून ठेवलं.

कोचीच्या हॉटेलात टेबलाच्या पलीकडं दोघं होती. मिसेस टियर्नी नावाची पिकल्या केसांची मेट्रन आणि तिच्याशेजारी फायली सांभाळणारा एक गृहस्थ. बॅग एलिकुट्टीच्या पायाशी होती, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

मिसेस टियर्नी म्हणाली, “समज, मी ऐंशी वर्षांचा शेतकरी आहे. मला तुझा चहा नको, तुझं औषध नको. मला घरी जायचंय, माझ्या गायी उपाशी आहेत.”

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. एलिकुट्टी बाईच्या शेजारी जाऊन बसली होती. “किती गायी?” तिनं विचारलं आणि थांबली.

“चौदा.”

“आता पाणी कोण पाजतं?”

“माझा भाऊ.”

“चांगला आहे का तो?”

“गाढव आहे,” मेट्रन म्हणाली आणि स्वतःच हसली.

मी आत सुखावले. पण त्या गृहस्थाला हसू आलं नाही. त्यानं औषधांच्या नियमांबद्दल लांबलचक प्रश्न विचारले. एलिकुट्टीनं बरोबर उत्तरं दिली, पण तुटक तुटक, आणि मधल्या थांबण्याला तो कंटाळला. “बाहेर तीस जणी बसल्यात,” तो म्हणाला. “आम्ही कळवू.” फाइल मिटल्याचा आवाज मी ऐकला. आधी दोनदा असंच झालं होतं, कळवू म्हणाले होते आणि कळवलं नव्हतं.

एलिकुट्टीनं बॅग उचलली. गुडबाय तिला येत नव्हतं अशातला भाग नाही, बालवाडीतली पोरंही ते म्हणतात. पण ते तिनं आमच्या घरात कधी कुणाला म्हटलं नव्हतं, आणि त्याच्या जागी माझ्याकडून दुसरं काही मिळालंही नव्हतं. मग आमच्याकडं उंबऱ्यावर जे म्हणतात, तेच तिनं इंग्रजीत म्हटलं. “आय गो अँड कम.”

“कम? कुठं येणार?” मिसेस टियर्नीनं विचारलं. “मुलाखत संपली.”

एलिकुट्टी थांबली. हे कुठल्याही प्रसंगात नव्हतं, अप्पच्चनांनी पढवलेलं नव्हतं.

मग ती तिच्या साध्यासुध्या, कॉफी ओतण्यापुरत्या इंग्रजीत बोलली. “आमच्या घरी कुणी ‘जाते’ म्हणत नाही. कामाला निघालं तरी नाही, समुद्रापलीकडं निघालं तरी नाही. जाते म्हटलं की घरातल्या म्हाताऱ्या माणसाला जेवण जात नाही. म्हणून ‘जाऊन येते’ म्हणायचं. मी पेशंटलाही तेच सांगते. ड्यूटी संपली की म्हणते, मी जाऊन येते. मग तो रात्रभर झोपतो.”

मिसेस टियर्नी म्हणाली, “माझी आई इस्पितळातच वारली. नर्सेस चांगल्या होत्या सगळ्या. पण असं कुणी तिला सांगितलं नाही.” मग फाइल पुन्हा उघडली, पेन चाललं. “घरी जा, आणि सामान भरून ये,” ती म्हणाली.

घरी आल्यावर एलिकुट्टीनं सगळं सांगितलं. वर्कीनं मुद्दाम इंग्रजीत भूक लागली म्हणून सांगितलं आणि डोळे पुसले. अप्पच्चन मात्र उठले. मग त्यांनी मला टॉवेलातून काढलं, मशीनमध्ये घातलं आणि शेवटची दहा मिनिटं लावली.

“बघ,” ते म्हणाले. “मी तुझ्यापासून लपवून ठेवलं होतं. आता निघालीसच, तर हेही येऊ दे.”

विधवा दारात उभी होती. परत कधी याल, असं तिनं विचारलं. स्वार म्हणाला, मी कुठंही परत जात नसतो. आणि टोपी सारखी करून निघून गेला.

अप्पच्चनांनी मला थांबवलं आणि सवयीप्रमाणे सुनेकडं बघितलं, तीनदा म्हण म्हणून. एलिकुट्टीनं मान हलवली.

“हे मी नाही म्हणणार, अप्पच्चन. याला घरात कुणी बोलायला शिकवलेलं दिसत नाही.”

त्यावर पैली अप्पच्चन जे हसले, ते हसता हसता रडले. मी त्या एका चित्रावर तशीच थरथरत उभी होते.

आता व्हिडिओ मशीन बिघडलंय, दुरुस्त करणारा माणूसही गावात उरला नाही. माझ्या फितीला बुरशी लागलीय. अप्पच्चन सत्त्याऐंशीचे आहेत आणि एलिकुट्टी दर दोन वर्षांनी घरी येते. वर्की तिच्याकडंच असतो, तिथल्या गायींशी मल्याळीत बोलतो म्हणे. संत गीवर्गीसखाली मी एकटी, पण मजेत आहे. मला लावा असं आता मी कुणाला म्हणणार नाही. ज्या बोटांनी मला गोळीबार सोडून कॉफीपाशी थांबवलं, त्यांची मी ऋणी आहे.

तुमच्याकडं एवढंच मागणं. घरातून कुणी लांब निघालं असेल, तर त्याला दाराशी नीट बोलायला लावा. बाकीचं इंग्रजी तिकडं गेल्यावर येतं.