वना मिस्तरीच्या तीन बिबड्या

हे कोणी खरं मानणार नाही, असं निंबा ड्रायव्हर आधीच सांगून ठेवायचा. वर असंही म्हणायचा, की मानणारा भेटलाच तर त्याला ताप आहे का ते हात लावून बघा. जळगावात गिरधर आबांच्या डाळमिलमध्ये दुपारच्या भाकरी झाल्या, की झुलाल हमाल पोत्यांच्या थप्पीला पाठ टेकायचा, डाळ निवडणाऱ्या धुरपदाबाई पदराला हात पुसायच्या, आणि निंबा अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट काढायचा. गोष्ट वर्षाला वीतभर वाढायची. त्या दिवशी ती सगळ्यांत लांब झाली.

तेव्हा निंबाला आबांच्या अँबेसेडरवर लागून आठ महिने झाले होते. गाडी पांढरीशुभ्र, आबांचा जीव की प्राण. आणि तिलाच खोड लागली. क्लच सोडला की पोटातून ‘धाड’ व्हायचं. ब्रेक मारला की पुढून ‘धप्प’. स्टिअरिंगजवळची गिअरची दांडी थंडी वाजल्यासारखी कापायची. एकदा सावद्याहून येताना तर आबांची कवळी आबांच्या आधी बोलायला लागली.

जळगावातल्या एका गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडलं, मान हलवली आणि निकाल दिला. "गिअरबॉक्स गेला आबा. उतरवावा लागेल. ड्रायव्हर क्लचवर पाय ठेवून झोपत असेल."

आबा निंबाकडे वळले. "सोमवारपासून येऊ नको."

 ट्रकची नोकरी सोडून, बायको-पोरं घेऊन निंबा इथं आला होता. दुसरी नोकरी मिळाली असती म्हणा, पण ‘गिअरबॉक्स फोडणारा निंबा’ हे नाव त्याच्या आधी भुसावळला पोचलं असतं, आणि तिथून दीपनगरच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत. मग साहेब लोकांपैकी कोण त्याच्या हातात चावी देणार?

"आबा, एक दिवस द्या," तो म्हणाला. "धुळ्याला वना मिस्तरीला दाखवू. त्यानंही गिअरबॉक्सच म्हटलं, तर मी तिथूनच पायी घरी येतो."

"धुळ्याहून? पायी?"

"पायी."

आबांना माणसाच्या बोलण्यापेक्षा त्याच्या चालण्यावर जास्त भरवसा. ते मागच्या सीटवर जाऊन बसले.

आता वना मिस्तरी. साठीचा माणूस, काडीसारखा वाळलेला, चष्म्याची एक दांडी तारेनं बांधलेली. गॅरेज देवपुरात. गाडी पांझरेच्या पुलावर चढली तेव्हा मिस्तरी दारात दाढी करत बसला होता. त्यानं वस्तरा हवेतच थांबवला आणि आत हाक मारली, "अवं, अँबेसेडर येई राहिनी. तिना पाय दुखतस."

"पुलावरून ऐकलं?" झुलालनं मधेच विचारलं. "पूल तिथून केवढा लांब!"

"वारं त्या बाजूचं होतं," निंबा म्हणाला.

"वाऱ्याला गाडीचा मेक बी कळतो वाटतं."

"झुलालभाऊ, गोष्ट ऐकायची की वारं मोजायचं?"

धुरपदाबाई म्हणाल्या, "बोलू द्या हो त्याला. थांबवलं तर पुन्हा सावद्यापासून सुरू करतो."

तर, गाडी दारात लागली. मिस्तरीच्या गालाला अर्ध्या बाजूनं साबण तसाच. त्यानं बॉनेट उघडलं नाही, पान्याला हात लावला नाही. अंगणात खाटेवर त्याच्या बायकोनं, तानुबाईनं, ज्वारीच्या बिबड्या वाळत घातल्या होत्या. कडक उन्हाच्या, पापडाहून पातळ, नुसतं रागानं बघितलं तरी तुटतील अशा. मिस्तरीनं त्यातल्या तीन उचलल्या. एक गाडीत पायांजवळच्या उंचवट्यावर ठेवली, जिथं खाली गिअरबॉक्स बसतो. दुसरी पुढं, ब्रेकच्या पॅडलपलीकडे पत्र्याला टेकवून. तिसरी मागं, आबांच्या शेजारी सीटवर.

"आबा, हिला हात लावू नका," मिस्तरी म्हणाला. "ती साक्षीदार शे."

आबांनी आयुष्यात कुणाचं ऐकलं नव्हतं. पण त्या बिबडीपासून ते सरकून बसले.

"हातब्रेक ओढ," मिस्तरी निंबाला म्हणाला. "पहिला गिअर टाक. आता क्लच सोड, पण दुधावरची साय काढतोस तसा."

निंबानं सोडला. ‘धाड’! मधल्या बिबडीचा भुगा. पुढची आणि मागची जशीच्या तशी.

"आता चार पावलं पुढं घे आणि ब्रेक मार."

‘धप्प’! पुढची बिबडी गेली. मागची तशीच शाबूत, म्हणजे मागं काही दोष नाही.

मिस्तरीनं चष्मा वर सरकवला. "गिअरबॉक्सना दात गयात असते, तर गाडी सरळ चालताना बी कुरकुर करती. ही फक्त धक्का बसला का ओरडस. गिअरबॉक्स चांगला शे आबा. त्याना पाय गयात."

मग तो गाडीखाली शिरला. जाताना निंबालाही कॉलर धरून घेऊन गेला. लोखंडी टॉमी, म्हणजे छोटी पहार, गिअरबॉक्सखाली घातली आणि जरा दाबली. एवढा जड गिअरबॉक्स, पण झोपेतून उठल्यासारखा दोन बोटं वर आला. ज्या रबरावर तो बसतो, ते मधून फाटून दोन तुकडे झालं होतं. पुढच्या आडव्या चासीचे रबरी बुशही तसेच, पिकल्या केळासारखे लिबलिबीत.

मिस्तरीनं रबर सोडवून उन्हात धरलं. निंबा सांगायचा, की डॉक्टर एक्स-रे धरतात तसं. फाटलेल्या जागेवर मिस्तरीनं अंगठा फिरवला.

"चीर ताजी असती तर खरबरीत लागती. ही बघा, दोन्ही तुकडे घासून घासून आरसा व्हयनात. दोन वर्षांपासून फाटेल शे." मग निंबाकडे वळून, "तू केव्हापासून?"

"आठ महिने."

निंबानं सोडलेला श्वास इतका मोठा होता, की खाटेवरच्या उरलेल्या बिबड्या उडाल्या. झुलालनं इथं तोंड उघडलं होतं, पण धुरपदाबाईंनी डोळे वटारले.

आबांचं समाधान मात्र झालं नव्हतं. "रबर एवढं मऊ पडतंच कसं? गाडी काय पाण्यात उभी असते?"

मिस्तरीनं रबर नाकाशी नेलं. डोळे मिटले. पुन्हा हुंगलं.

"शेंगदाणा तेल," तो म्हणाला. "घाण्याचं. कोन लावस हाई तेल?"

 तेल कोण लावतं ते निंबाला माहीत होतं. मिलमध्ये तुरीला भरडण्याआधी तेलाचा हात देतात, त्याशिवाय फोल, म्हणजे साल, सुटत नाही. तेलाचा हात लागला की वस्तूचं कल्याण होतं, यावर आबांची तिथूनच श्रद्धा बसलेली. दर अमावास्येला गाडीला लिंबू-मिरची बांधून झाली, की आबा स्वतः पोतं अंथरून खाली झोपायचे आणि काडीला गुंडाळलेल्या चिंधीनं एकेका रबराला तेल पाजायचे. ड्रायव्हरलासुद्धा तिथं हात लावू द्यायचे नाहीत.

हे सांगितलं, तर मालकाला परक्या अंगणात तोंडावर पाडलं. नाही सांगितलं, तर तेल ड्रायव्हरच्या माथी.  सोमवार निंबाच्या डोळ्यांपुढे उभा होता.

"मी लावस," आबा म्हणाले.

मिस्तरी हसला नाही. ते निंबाला फार आवडलं. त्याच्याजागी दुसरा कुणी असता, तर पुढं दहा वर्षं धुळ्यात ही गोष्ट विकून खाल्ली असती. मिस्तरी आबांच्या शेजारी उकिडवा बसला आणि जावयाशी बोलावं तशा मऊ आवाजात म्हणाला, "आबा, तेल लावं का तुरीनं फोल सुटस ना? रबर बी तसंच सुटनं. माया सगळ्यासवर करा, फक्त रबरवर नको."

दुपार कलेपर्यंत गिअरबॉक्सखाली नवं रबर आणि पुढं चार नवे बुश बसले. पण मिस्तरीनं शेवटचे बोल्ट आवळले नाहीत. गाडी जॅकवरून खाली घेतली, चारी चाकांवर वजन येऊ दिलं, इंजिन चालू करून घटकाभर तशीच ठेवली. आबा घाई करू लागले, तर म्हणाला, "नवी सून शे. घर वळखू द्या." मग एकेक बोल्ट आवळला. आवळताना त्याचे डोळे मिटलेले, आणि निंबाला वाटलं, हा माणूस गाडी दुरुस्त करत नसून तिची समजूत काढतोय. एवढं सगळं झाल्यावर मिस्तरीच्या लक्षात आलं, की आपली दाढी अर्धीच झालीय.

परतीच्या वाटेवर गाडी अशी चालली, की निंबा दोनदा खाली वाकून बघायला लागला, इंजिन आहे ना म्हणून. आबा पुढं त्याच्याशेजारी बसले होते, पण सोमवारचं काही बोलत नव्हते.  निंबानं विचारलं नाही, कारण विचारलं आणि नको ते उत्तर आलं तर स्टिअरिंग सुटलं असतं.

"मग?" धुरपदाबाईंनी विचारलं. "ठेवलं ना कामावर?"

"ऐका तर," निंबा म्हणाला, आणि नीट मांडी घालून बसला. "पारोळ्याच्या अलीकडे आबा म्हणाले, ‘थांबव गाडी.’ थांबवली. आबा खाली उतरले. भर रस्त्यात डोक्यावरची टोपी काढली, मला हात जोडले आणि म्हणाले, ‘निंबा, मी चुकलो. तुझ्यासारखा ड्रायव्हर—’"

"खोटं!"

पोत्यांच्या थप्पीमागून आबा काठी टेकत पुढं आले. झुलाल धडपडत उठला.

"साफ खोटं! मी उतरलोच नाही," आबा म्हणाले. "सोमवारी ये म्हटलं, तर गाडी तूच थांबवलीस, डिकीमागं जाऊन रडायला. मी खिडकीतून रुमाल दिला, तो अजून परत आला नाही!"