हुपरीचा एक पत्ता

आदल्या दिवशी आमच्या दूध संकलनाच्या सॉफ्टवेअरच्या चाचणीचे मेल खरोखरच बाहेर गेले आणि गावोगावच्या दूध संस्थांच्या सचिवांना ‘आपले दूध नाकारले’ असं कळलं. सकाळपासून मंगळवार पेठेतल्या आमच्या ऑफिसात फोनवर शिव्याच शिव्या. मालक हंबीरराव म्हणाले, “अक्षताताई, हितनं एकबी मेल बाहेर जाता कामा न्हाय.”

म्हणून दुपारी मी प्रसेनजीतच्या कॉम्प्युटरवरचं सगळं पुसलं आणि त्यावर चाचणीचा सर्व्हर बसवला. ऑफिसातून कुणाच्याही नावे मेल निघाला, तरी तो तिथल्याच एका पेटीत पडून राहावा, अशी सोय. प्रसेनजीत आमच्या ऑफिसातलाच. पावसाळ्यात घरी जाताना हुपरीच्या रस्त्यावर अपघातात गेला. तेव्हापासून त्याचं मशीन तसंच चालू होतं, त्याला कुणी हात लावला नव्हता. मी आधी नमस्कार केला, मग पुसायचं बटण दाबलं.

दिवेलागणीला फोन वाजला. त्याची बायको ललिता. हुपरीत सायबर कॅफे चालवते.

“ताई, आज ह्यांचा मेल आला न्हाय.”

“कुणाचा, वहिनी?”

“ह्यांचाच की. ‘निघालो. भाकरी टाक.’ मशीनला लावून ठेवलं हुतं त्यांनी, सांजंला आपोआप यायचं. अजून येतंय. तेवढं बंद करू नगासा.”

तेच तर मी पुसून बसले होते. कसं सांगावं कळेना. फोन कानाशी धरूनच पेटी उघडली. चाचणीच्या मेलांवर एक नवा मेल आला होता, आत्ताचाच.

निघालो. भाकरी टाक.

हंबीरराव मागे येऊन उभे राहिले. “पुसलंयसा न्हवं सगळं?”

“पुसलंय.”

“मग ह्ये कोण धाडतंय?”

मनात नाम चालू होतं, तेही अडखळलं.

“वहिनी,” मी म्हटलं, “मेल इथं अडकलाय. पण तो कुणी पाठवलाय, ते मला ठाऊक नाही. खरंच नाही. सोडू का?”



“ताई, त्यो आल्याबगार मी रिकाम्या घरात पाऊल कसं टाकू?”

मी हंबीररावांकडे पाहिलं. सकाळी ओरडणारा तो माणूस खाली बघत होता. “सोडा,” ते म्हणाले. “रोजच सोडा.”

मी हुपरीचा तेवढा एक पत्ता मोकळा केला. मेल पेटीतून गेला.

“आला,” ललिता म्हणाली. “ठेवते, ताई.”

मी प्रसेनजीतच्या खुर्चीतून उठले. ती टेबलाखाली सारायला हंबीररावांनी हात घातला आणि तसाच मागे घेतला.

“ऱ्हाऊ द्या,” ते हळूच म्हणाले. “बसू दे त्येला.”