चित्रासमोरचा दोर

मी दोर बोलतोय. लाल मखमलीचा, दोन्ही टोकांना पितळी आकडे. नाटकगृहाचे पडदे शिवून उरलेल्या कापडात सुतळी भरून मला शिवलं. म्हणजे जन्म उरल्यासुरल्यातला. पण नशीब असं, की थेट संग्रहालयातल्या सगळ्यांत नावाजलेल्या चित्रापुढे येऊन पडलो.

चित्र वीतभर, गर्दी कोसभर. एक बाई ओली चादर पिळते आहे, एवढंच चित्र. तेही ऐकीव, कारण माझं तोंड लोकांकडे. लोक तिच्याकडे पाठ करून स्वतःचा फोटो काढतात.

माझ्याशेजारी एक पहारेकरी उभा असतो. माणशी वीस सेकंद, मग "चला, पुढे चला." पहिल्या वर्षी तो चेहरा बघून म्हणायचा. पुढे पुढे नुसत्या चपला बघू लागला. चपला हलल्या की काम झालं.

एकदा सफाईवाल्या मावशी माझे आकडे पुसत होत्या. तो त्यांना म्हणाला, "उद्या आमची ही येणार. परवा डोळ्यांचं ऑपरेशन. डॉक्टर हमी देत नाहीत. म्हणते, तुम्ही जन्मभर जिच्यापुढे उभे राहिलात, ती बाई एकदा धड बघू दे. तिला दोराच्या आत उभी करीन, हवा तेवढा वेळ."

"साहेबांना विचारलंत?"

"विचारलं तर नाही म्हणतील. म्हणून नाही विचारलं."

दुसऱ्या दिवशी सुट्टीची गर्दी. एक बाई माझ्यावर हात टेकून उभी राहिली. डोळे बारीक करून चित्र शोधत होती. वीस सेकंद झाले.

"चला, पुढे चला."

"अहो, मी आलेय," ती हळूच म्हणाली.

"सगळेच आलेत, बाई. मागे रांग आहे."

ती क्षणभर थांबली. मग चपला हलल्या.

संग्रहालय बंद होताना त्याने मावशींना विचारलं, "आमची ही काही आली नाही वाटतं?"

"आल्या होत्या की. तुम्हीच त्यांना पुढे घालवलंत. मला वाटलं, साहेबांना घाबरलात."

दिवे ठरल्या वेळी आपोआप विझले.

ऑपरेशनचं काय झालं, ठाऊक नाही. तो सांगत नाही, मावशी विचारत नाहीत. माझी मखमल आता विटली आहे, एका टोकाची सुतळी बाहेर डोकावते. पण गर्दीला मी अजून पुरतो. तोही पुरतो.

कधी आलात, तर खुशाल वीस सेकंद बघा आणि निघा. फक्त निघण्याआधी त्याला हाक मारून एकदा वर बघायला लावा. बहुतेक बघणार नाही. तरी हाक मारा.